सुक्याबरोबर ओलं : ९/११ नंतर अमेरिकेतल्या स्थलांतरितांनी युद्धाला विरोध का केला?

दहशतवादी हल्ला झाला की दोन-तीन दिवसांत एकच प्रश्न उरतो : आता युद्ध कधी? त्या गदारोळात कुणी ‘युद्ध नको’ म्हटलं की लोक त्याच्याकडे वळून बघतात. आणि म्हणणारा बाहेरच्या देशातून येऊन स्थायिक झालेला असेल, तर नुसतं बघत नाहीत, नाव आणि धर्मही विचारतात.

असा विरोध नेमका कुठून येतो? भित्रेपणातून, जुन्या देशाच्या ओढीतून, की आणखी कशातून? हे समजून घ्यायला ११ सप्टेंबर २००१ नंतरची अमेरिका घेऊ. ते उदाहरण निवडण्याचं कारण साधं आहे. त्या वेळी जे बोललं गेलं आणि पुढे जे घडलं, त्याचा ताळा करून बघण्याइतका काळ आता लोटला आहे.

आधी एक घोळ सोडवू

त्या दिवशी न्यूयॉर्क, वॉशिंग्टनजवळचं पेंटागॉन आणि पेनसिल्व्हेनियातलं एक माळरान मिळून २,९७७ माणसं मारली गेली. मेलेल्यांत नव्वदहून जास्त देशांचे लोक होते. विमानं पळवणारे १९ जण होते : १५ सौदी, २ संयुक्त अरब अमिरातीचे, एक इजिप्शियन, एक लेबनीज. अफगाण एकही नाही, इराकी एकही नाही.

युद्ध पुकारायचं तर समोर पत्ता लागतो. राजधानी लागते, सीमा लागते, शरण येऊ शकेल असं सरकार लागतं. दहशतवादी टोळीकडे यातलं काही नसतं. ती भाड्याच्या खोलीत राहते, दुसऱ्याच्या पासपोर्टवर फिरते, उद्या बिऱ्हाड हलवते. सैन्य मात्र नकाशा बघून निघतं. मग टोळी ज्या देशात दडली आहे तो देशच लक्ष्य होतो, आणि त्या देशात टोळीशी घेणंदेणं नसलेली लाखो माणसं राहत असतात. अल कायदाचे म्होरके अफगाणिस्तानात होते, तालिबानने त्यांना आसरा दिला होता, हे खरंच होतं. पण कंदाहारजवळच्या शेतकऱ्याने कुणाला आसरा दिला नव्हता. त्याला तालिबानने काही विचारलंही नव्हतं.

१४ सप्टेंबरला, म्हणजे ढिगारे अजून धुमसत असताना, अमेरिकी संसदेने राष्ट्राध्यक्षांना लष्करी बळ वापरायची परवानगी दिली. त्या ठरावाचं मुख्य वाक्य जेमतेम ६० शब्दांचं आहे. हल्ल्यामागे कोण होतं आणि त्यांना कुणी थारा दिला, हे राष्ट्राध्यक्षांनीच ठरवायचं, मग ते देश असोत, संघटना असोत की व्यक्ती. वाक्यात कुठल्या देशाचं नाव नाही, शेवटची तारीख नाही. सिनेटमध्ये मतदान झालं ९८ विरुद्ध ०. प्रतिनिधिगृहात ४२० विरुद्ध १. ते एक मत होतं कॅलिफोर्नियाच्या बार्बरा ली यांचं. त्या कृष्णवर्णीय, जन्माने अमेरिकनच. त्यांनाही धमक्यांमुळे पोलीस संरक्षण घ्यावं लागलं. इथेच जन्मलेल्या, निवडून आलेल्या बाईची ही गत, तर व्हिसावर राहणाऱ्या टॅक्सीवाल्याने तोंड उघडायची काय हिंमत करावी?

सासर आणि माहेर

स्थलांतरितांची अवस्था समजायला मला सासर-माहेरची उपमा सगळ्यात जवळची वाटते. लग्न होऊन आलेली मुलगी सासरचीच होते. तिथे राबते, तिथल्या सुखदुःखाची धनी होते. पण माहेर म्हणजे तिच्यासाठी नुसतं गावाचं नाव नसतं. तिथलं अंगण तिला ठाऊक असतं, कुठल्या खोलीत कोण झोपतं तेही ठाऊक असतं. सासरची माणसं ‘त्या गावाला धडा शिकवू’ म्हणाली की तिच्या डोळ्यांपुढे गाव येत नाही, आजी येते.

न्यूयॉर्कमध्ये वाढलेल्या मसुदा सुलतान यांचं असंच झालं. त्या अफगाण-अमेरिकन. शहरावर हल्ला झाला तेव्हा तो त्यांच्याच शहरावर होता. ऑक्टोबरमध्ये बॉम्बहल्ले सुरू झाल्यावर कंदाहारच्या बाजूच्या एका खेड्यात त्यांच्या नात्यातली १९ माणसं अमेरिकी माऱ्यात मेली. लष्करी भाषेत याला ‘कोलॅटरल डॅमेज’ म्हणतात, म्हणजे नेम दुसरीकडे असताना झालेलं नुकसान. नात्यात कुणी मेलं असेल तर हा शब्द तोंडातून निघत नाही.

दुसरी गोष्ट क्वचितच लक्षात घेतली जाते. अमेरिकेत येऊन राहिलेले अफगाण, सोमाली, इराकी यांतले बरेचजण मुळात युद्धातूनच पळून आले होते. १९७९ मध्ये सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या. पुढच्या दशकात लाखो लोकांनी देश सोडला आणि त्यातले काही कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटला पोहोचले. तिथल्या एका भागाला लोक ‘लिटल काबूल’ म्हणायला लागले. बॉम्ब पडल्यावर दहाव्या दिवशी काय होतं, पाणी कुठून आणायचं, शाळा बंद पडली की पोरगं कुणाच्या हाती लागतं, हे त्यांनी स्वतः पाहिलं होतं. युद्धाबद्दलचं त्यांचं मत बातम्या बघून झालेलं नव्हतं.

गोळी यादी वाचत नाही

आतापर्यंत ‘तिकडच्या’ माणसांबद्दल बोललो. पण विरोधाचं मोठं कारण इकडे होतं, अमेरिकेतच.

सरकार ‘युद्ध’ म्हणालं की शत्रू म्हणजे कोण, असा प्रश्न गल्लीबोळातही पडतो. सरकारपाशी उत्तराला निदान फायली असतात, गल्लीपाशी फक्त डोळे. १५ सप्टेंबर २००१ ला अ‍ॅरिझोनातल्या मेसा शहरात बलबीरसिंग सोढी यांना त्यांच्याच पेट्रोल पंपाबाहेर गोळ्या घालून मारलं. ते तिथे फुलझाडांच्या कामात होते. त्याच दिवशी त्यांनी ९/११ च्या मदतनिधीत पैसे टाकले होते. मारणाऱ्याला दिसली ती दाढी आणि पगडी. शीख आणि मुसलमान यांतला फरक त्याला माहीत नव्हता. माहीत असता तर त्याने दुसऱ्या कुणाला शोधलं असतं, एवढंच. अटक होताना तो आपण देशभक्त असल्याचं ओरडून सांगत होता.

त्याच दिवशी डॅलसमध्ये दुकान चालवणारे पाकिस्तानी वकार हसन मारले गेले. ४ ऑक्टोबरला डॅलसजवळच्याच मेस्कीटमध्ये वासुदेव पटेल. एक मुसलमान, एक हिंदू, मारेकरी एकच. एफबीआयच्या नोंदीत मुस्लिमविरोधी द्वेषाचे गुन्हे २००० साली २८ होते, २००१ साली ४८१ झाले. शीख आणि हिंदूंवरचे हल्ले या आकड्यात धरलेले नाहीत.

राष्ट्राध्यक्ष बुश यांनी काहीच केलं नाही असं नाही. हल्ल्यानंतर सहाव्या दिवशी ते वॉशिंग्टनच्या मशिदीत गेले आणि इस्लाम हा शांततेचा धर्म आहे असं जाहीरपणे म्हणाले. ते महत्त्वाचं होतं, आणि त्याचं श्रेय त्यांना द्यायला हवं. पण त्यांच्याच सरकारची यंत्रणा त्या वेळी दुसरंच काही करत होती.

सरकारी फायलीतला संशय

पहिल्या काही आठवड्यांत बाराशेवर लोक ताब्यात घेतले गेले. त्यातल्या ७६२ जणांना व्हिसा किंवा वास्तव्याच्या नियमांखाली धरलं होतं. व्हिसाची मुदत संपलेली, कागद अपुरा, असले दोष. एरवी अशा माणसाला जामीन मिळतो. यांना दहशतवादाशी संबंध नसल्याची खात्री होईपर्यंत आत ठेवायचं ठरलं. म्हणजे उलटा न्याय : गुन्हा सिद्ध करायची जबाबदारी कुणाचीच नाही, निर्दोष ठरायची जबाबदारी मात्र कैद्याची. २००३ मध्ये न्याय खात्याच्याच महानिरीक्षकांचा अहवाल आला. न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या तुरुंगात या कैद्यांना मारहाण आणि शिवीगाळ झाल्याचं त्यात नमूद आहे.

मग २००२ मध्ये आली ‘स्पेशल रजिस्ट्रेशन’, म्हणजे विशेष नोंदणी. २५ देशांतून तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या, सोळा वर्षांवरच्या पुरुषांनी कार्यालयात हजर व्हायचं, बोटांचे ठसे, फोटो आणि जबाब द्यायचा. त्या २५ पैकी २४ देश मुस्लिमबहुल होते, पंचविसावा उत्तर कोरिया. पाकिस्तान आणि बांगलादेश यादीत होते, भारत नव्हता. (पण सोढी आणि पटेल यांना या यादीचा काय उपयोग झाला असता?)

यात एक विचित्र गोष्ट होती. खरा दहशतवादी आपणहून ठसे द्यायला येत नाही. रांगेत उभा राहतो तो नियम पाळणारा माणूस. डिसेंबर २००२ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये नोंदणीला गेलेल्या शेकडो लोकांना, मुख्यतः इराणी लोकांना, तिथेच अटक झाली आणि बाहेर हजारोंनी निदर्शनं केली. एकूण ८० हजारांहून जास्त पुरुषांची नोंदणी झाली. १३ हजारांहून जास्त जणांना देशाबाहेर काढण्याची कारवाई सुरू झाली. दहशतवादाच्या गुन्ह्यात या नोंदणीतून एकालाही शिक्षा झाली नाही. ब्रुकलिनच्या कोनी आयलंड अ‍ॅव्हेन्यूवर ‘लिटल पाकिस्तान’ नावाची वस्ती आहे. त्या काळात तिथली कित्येक कुटुंबं रातोरात सामान बांधून कॅनडाच्या सीमेकडे गेली, दुकानांची शटरं खाली आली.

सोमाली लोकांना वेगळा फटका बसला. ‘अल बरकात’ ही सोमालियात पैसे पोहोचवणारी मोठी कंपनी. सोमालियात धड बँका नव्हत्या, मिनियापोलिसमध्ये टॅक्सी चालवणारा मुलगा हिच्यामार्फत आईला घरखर्च पाठवायचा. ७ नोव्हेंबर २००१ ला तिची अमेरिकेतली कार्यालयं सील झाली, आरोप अल कायदाला पैसा पुरवल्याचा. पुढे ९/११ चौकशी आयोगाच्या अभ्यासात त्या आरोपाला आधार देणारा पुरावा सापडला नाही. तोवर कितीतरी घरांचे पैसे अडकून पडले होते.

आता ‘युद्ध नको’ या वाक्याचा अर्थ जरा बदलतो. स्थलांतरितांच्या दृष्टीने ते परराष्ट्र धोरणावरचं मत नव्हतं. युद्ध चालू आहे तोवर आपण संशयित राहणार, आणि या युद्धाला शेवटची तारीखच नाही, हे त्यांनी ओळखलं होतं.

हे आधीही झालं होतं

त्यांना पाठिंबा द्यायला जपानी-अमेरिकन पुढे आले, आणि तेही हल्ल्यानंतर लगेच. कारण १९४२ चा फेब्रुवारी ते विसरले नव्हते. पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्यानंतर राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या आदेशाने सुमारे १ लाख २० हजार जपानी वंशाच्या लोकांना घरं, शेतं, दुकानं सोडून छावण्यांत राहावं लागलं. त्यातले दोन तृतीयांश अमेरिकेचे नागरिक होते. सरकारने माफी मागितली ती १९८८ मध्ये, हयात असलेल्या प्रत्येकाला २० हजार डॉलर देऊन.

त्या छावणीत लहानपण काढलेले नॉर्मन मिनेटा २००१ मध्ये अमेरिकेचे वाहतूकमंत्री होते. विमानतळावर चेहरा आणि वंश बघून माणसं वेगळी काढू देणार नाही, असं त्यांनी ठामपणे सांगितलं. कधीकधी वाटतं, ती खुर्ची तेव्हा दुसऱ्या कुणाकडे असती तर?

‘पण ही निष्ठा कुठली? देश संकटात आणि हे शांतीचे धडे देतात!’

हा आक्षेप सर्वात जुना, आणि त्याला उत्तर द्यायला मला एकच माणूस पुरेसा वाटतो. मोहम्मद सलमान हमदानी, वय २३, जन्म कराचीचा, वाढला न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये. रुग्णवाहिकेवरच्या तातडीच्या उपचारांचं प्रशिक्षण घेतलेला, पोलिसांचा कॅडेट. ११ सप्टेंबरला कामावर निघालेला तो परतलाच नाही. काही दिवसांत त्याचाच शोध सुरू झाला, संशयित म्हणून. पुढच्या मार्चमध्ये त्याचे अवशेष ढिगाऱ्यात मिळाल्याचं घरच्यांना कळलं. लोकांना वाचवायला तो तिकडे धावला होता. गंमत अशी की ऑक्टोबर २००१ मध्ये झालेल्या ‘पेट्रियट’ कायद्यात, ज्याने पाळत ठेवण्याचे अधिकार वाढवले, त्याच कायद्यात त्याचा वीर म्हणून उल्लेख आहे. एकाच माणसाकडे एक खातं संशयाने बघत होतं आणि संसद त्याचा गौरव करत होती.

त्याची आई तलत हमदानी पुढे ‘पीसफुल टुमॉरोज’ या संघटनेत गेल्या. ९/११ मध्ये माणसं गमावलेल्या कुटुंबांनी फेब्रुवारी २००२ मध्ये ती काढली. आमच्या दुःखाच्या नावावर दुसऱ्यांची घरं पाडू नका, हे तिचं म्हणणं. तिच्यातले काहीजण तर जानेवारी २००२ मध्येच अफगाणिस्तानात जाऊन तिथे घरचं माणूस गमावलेल्यांना भेटून आले होते. यांना निष्ठा शिकवायला कोण जाणार?

बाकी बहुतेकांचा विरोध मात्र फारसा ऐकू आला नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. ज्याच्याकडे नागरिकत्व नाही, तो मोर्चात पकडला गेला तर त्याला थेट देश सोडावा लागू शकतो. दुकानांवर, टॅक्सींवर अमेरिकी झेंडे लागले. काही अभिमानाने, काही भीतीने, बरेचसे दोन्हींमुळे. क्वीन्समधली ‘ड्रम’ ही दक्षिण आशियाई कष्टकऱ्यांची संघटना हल्ल्याच्या आदल्या वर्षीच सुरू झाली होती. तिने कैदेत असलेल्यांच्या बायका-मुलांना हाताशी धरून काम केलं. युद्धविरोध तिथे घोषणेतून कमी आणि ‘माझा नवरा कुठल्या तुरुंगात आहे’ या प्रश्नातून जास्त आला.

‘सगळेच स्थलांतरित विरोधात होते का?’

मुळीच नाही, आणि हे लपवून लेख लिहिणं अप्रामाणिक ठरेल. तालिबान जावी असं अनेक अफगाण-अमेरिकनांना मनापासून वाटत होतं. अफगाणिस्तानात जन्मलेले झल्मय खलीलझाद अमेरिकेचे तिथले राजदूत झाले. पुढे अमेरिकेने इराकवरही हल्ला केला. ९ एप्रिल २००३ ला बगदाद पडलं तेव्हा मिशिगनमधल्या डिअरबॉर्नमध्ये इराकी शिया रस्त्यावर येऊन नाचले. सद्दामने त्यांची माणसं मारली होती, त्यांना कोण नावं ठेवणार? त्याच गावातल्या इतर अरबांना हे युद्ध अन्याय वाटत होतं. सासर-माहेरची उपमा इथे तुटते : एकाच माहेरच्या दोन बहिणींना ते घर वेगवेगळं आठवतं.

‘मग हातावर हात धरून बसायचं होतं का?’

हा खरा प्रश्न. विरोध करणाऱ्यांपैकी फारच थोडे ‘काहीच करू नका’ म्हणत होते. त्यांचं म्हणणं होतं, हा गुन्हा आहे, गुन्ह्यासारखा हाताळा. ढेकूण झाले म्हणून कुणी घर पेटवत नाही, पण ढेकूण तसेच ठेवून झोपतही नाही.

याला नमुना होता. १९९३ मध्ये याच वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या तळघरात बॉम्ब फुटून सहाजण मेले. सूत्रधार रमझी युसुफ १९९५ मध्ये इस्लामाबादला पकडला गेला, न्यूयॉर्कमध्ये खटला चालला, जन्मठेप झाली. यावर टीकाकार म्हणतात, एवढं करूनही २००१ झालंच ना? मुद्दा वजनदार आहे. युसुफला पकडलं, पण त्याच्यामागचं जाळं शाबूत राहिलं. प्रशिक्षणाच्या छावण्या खटल्याने बंद होत नाहीत. २००१ नंतर त्या छावण्या फौजेनेच मोडल्या, हेही मान्य करायला हवं.

पण मोठा हिशेब वेगळं सांगतो. ‘रँड’ या अमेरिकी संशोधन संस्थेने १९६८ ते २००६ मधल्या ६४८ दहशतवादी गटांचा अभ्यास केला. ही संस्था अमेरिकी लष्करासाठी काम करत आलेली, शांततावादी मुळीच नाही. जे गट खरोखर संपले, त्यातले ४३ टक्के राजकारणात सामील होऊन संपले, ४० टक्के पोलीस आणि गुप्तचरांच्या कारवाईने. १० टक्के गट आपलं उद्दिष्ट साधून थांबले. लष्कराने संपवलेले ७ टक्के. ९/११ चा आखणीकार खालिद शेख मोहम्मद २००३ मध्ये रावळपिंडीच्या एका घरात झोपेतून उठवून पकडला गेला. बिन लादेन २०११ मध्ये अबोटाबादला रात्रीच्या छाप्यात मारला गेला. (ती हेलिकॉप्टरं अफगाणिस्तानातल्या जलालाबादहून उडाली होती, असं युद्धाचे समर्थक बजावतात. तेही खरं.)

इराकबद्दल मात्र दोन्ही बाजू लिहिण्यासारखं मला काही दिसत नाही. ९/११ शी त्याचा संबंध नव्हता, सांगितलेली महासंहारक शस्त्रं सापडली नाहीत. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणावं, तर सद्दाम संन्यासी नव्हता. सुळी गेली ती त्याची प्रजा.

वीस वर्षांनंतरचा ताळा

ब्राऊन विद्यापीठाच्या ‘कॉस्ट्स ऑफ वॉर’ प्रकल्पाच्या मांडणीनुसार अफगाणिस्तानात २००१ ते २०२१ मध्ये थेट लढाईत सुमारे १ लाख ७६ हजार माणसं मेली, त्यात ४६ हजारांहून जास्त सामान्य नागरिक. अमेरिकेचे सुमारे २,४०० सैनिक. ९/११ नंतरच्या सगळ्या युद्धांचा अमेरिकेचा खर्च सुमारे ८ लाख कोटी डॉलर. मधल्या काळात मुली शाळेत गेल्या, ही जमेची बाजू. १५ ऑगस्ट २०२१ ला तालिबान काबूलमध्ये परतली आणि मुलींच्या माध्यमिक शाळा बंद झाल्या. तालिबानशी झालेल्या ज्या दोहा करारानंतर अमेरिकी सैन्य बाहेर पडलं, त्याची बोलणी अमेरिकेच्या वतीने खलीलझाद यांनीच केली होती.

विशेष नोंदणीचे नियम डिसेंबर २०१६ मध्ये रद्द झाले. पुढच्याच महिन्यात सात मुस्लिमबहुल देशांतल्या लोकांना प्रवेशबंदी झाली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर टॅक्सीवाल्यांच्या संघटनेने तासभर प्रवासी घेणं बंद ठेवलं. यातले बरेच चालक दक्षिण आशियाई. २००१ मध्ये झेंडे लावून गप्प बसलेल्या व्यवसायातली ही माणसं, या वेळी गप्प राहिली नाहीत.

डॅलसचा तिसरा माणूस

वकार हसन आणि वासुदेव पटेल यांना मारणाऱ्याने मधल्या काळात, २१ सप्टेंबरला, आणखी एकावर गोळी झाडली होती. बांगलादेशातून आलेले रईस भुईयां डॅलसमधल्या एका पेट्रोल पंपावरच्या दुकानात काम करत होते. चेहऱ्यावर छर्रे बसले, उजव्या डोळ्याची दृष्टी गेली, पण ते जगले. मारेकऱ्याचा दावा होता की प्रत्येक अमेरिकनाला जे करावंसं वाटत होतं तेच आपण केलं.

त्याला मृत्युदंड झाला. रईस यांनी तो रद्द व्हावा म्हणून मोहीम चालवली, टेक्सास राज्याविरुद्ध कोर्टात गेले. २० जुलै २०११ ला, शिक्षेच्या दिवशीही त्यांचे वकील कोर्टात झगडत होते. त्याच दिवशी दोघांचं फोनवर थोडा वेळ बोलणं झालं. रईस यांनी त्याला माफ केल्याचं सांगितलं. पलीकडून तो ‘भाई’ म्हणाला, आपलं तुमच्यावर प्रेम आहे असं म्हणाला. कोर्टाने अर्ज फेटाळला आणि रात्री शिक्षा अमलात आली.